भोपळा हसवतो, आंबा का नाही?

‘भोपळा’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. घरात चार माणसे असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ द्या. आता त्याच सुरात ‘आंबा’ म्हणा. आंब्याने तोंडाला पाणी सुटेल, कोकण आठवेल, यंदा डझनाला काय भाव होता याची उजळणी होईल. पण हसू काही यायचे नाही. भोपळा म्हटला की मात्र ओठांचा एक कोपरा जरासा हलतोच. वास्तविक दोन्ही फळेच. दोन्ही मातीतून वर येतात आणि अखेर आपल्या पोटात जातात. मग एकाच्या वाट्याला कविता आणि दुसऱ्याच्या वाट्याला थट्टा, हा न्याय कुठला?

बरे, ही थट्टा आजकालची नाही. परीक्षेत शून्य पडले की पोराला ‘भोपळा’ मिळतो. एखाद्याची समजूत खोटी ठरली की त्याच्या भ्रमाचा भोपळा फुटतो. दोघांचे मुळीच पटत नसेल तर त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचे सख्य असते. कोणाच्या भ्रमाचा फणस फुटल्याचे किंवा दोघांत विळ्या-आंब्याचे सख्य असल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय?

फराळाचे ताट समोर असेल तर आणखी एक प्रयोग करता येईल. चकली आणि कडबोळे ही दोन्ही एकाच भाजणीची लेकरे. एक सोऱ्यातून उतरते, दुसरे हाताने वळतात. पण ‘चकली’ म्हटल्यावर आपण फक्त हात पुढे करतो आणि ‘कडबोळे’ म्हटल्यावर हात पुढे करताना थोडे हसतोही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना हे पक्के ठाऊक होते. मराठीतल्या विनोदी लेखनाचा पाया घालणाऱ्या आपल्या लेखांच्या संग्रहाला त्यांनी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ म्हटले. अठरा धान्यांची चकली म्हटले नाही.

तेव्हा काही शब्द आणि काही वस्तू हसवतात, काही हसवत नाहीत, हे तर उघड आहे. प्रश्न असा की हे हसू असते कोठे? शब्दाच्या आवाजात, वस्तूच्या आकारात, की आपल्याच कानात? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याचे उत्तर शोधू गेले तर ते शेवटी अशा ठिकाणी पोचते जेथे हसू आवरते. तेथवर थोडे सावकाश जाऊ.

पाश्चात्त्य पंडितांची मोजमापे

इंग्रजी रंगभूमीवरच्या विनोदी नटांचा एक जुना समज असा की, ज्या शब्दात ‘क’ चा आवाज आहे तो हमखास हशा पिकवतो. नील सायमन या अमेरिकन नाटककाराच्या १९७२ सालच्या ‘द सनशाइन बॉइज’ या नाटकात एक म्हातारा विनोदी नट आपल्या पुतण्याला हे शास्त्र मोठ्या गंभीरपणे समजावून सांगतो. त्याच्या मते लोणच्याच्या काकडीला इंग्रजीत जे ‘पिकल’ म्हणतात, ते ‘क’ मुळेच विनोदी.

पुढे रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००१-०२ साली जगातला सर्वांत मोठा विनोद शोधण्याचा एक भलाथोरला प्रयोग इंटरनेटवर मांडला. त्यात त्याने या ‘क’ चीही परीक्षा घेतली. विनोद साधा होता. एका शेतात दोन गाई उभ्या असतात. एक म्हणते, ‘हम्मा.’ दुसरी म्हणते, ‘अगं, मी अगदी हेच म्हणणार होते!’ वाइजमनने गाईंच्या जागी निरनिराळे प्राणी घातले, त्यांचे त्यांचे आवाज घातले आणि लोकांना गुण द्यायला सांगितले. पहिला नंबर आला बदकाचा. इंग्रजीत बदकाच्या नावातही ‘क’ आणि त्याच्या ‘क्वॅक’ मध्ये तर दोन!

आता आपल्याकडचे बदक घ्या. त्याच्याही शेवटी ‘क’ आहे. पण बदकाला पाहून कोणी मराठी माणूस पोट धरून हसल्याचे ऐकिवात नाही. आपल्याला हसवते ती म्हैस. पु. ल. देशपांडे यांनी एस.टी.च्या गाडीपुढे आणून उभी केली ती म्हैसच, आणि दोन पिढ्यांना हसवले. ‘क’ म्हणाल तर तो मराठीत काका, काकू, काम, काळजी आणि कर्ज यांच्या तोंडी रोज बसलेला. रोज दारात येणाऱ्याला कोण हसणार?

यात एक धागा मात्र हाती लागतो. कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठातले ख्रिस वेस्टबरी हे वाचा गेलेल्या रुग्णांची तपासणी करत होते. खरे शब्द आणि बिनअर्थाचे बनावट शब्द मिसळून दाखवायचे आणि रुग्णाने खरा कोणता ते सांगायचे, अशी ती तपासणी. काही बनावट शब्द आले की रुग्ण हसत. ‘स्नंकूपल’ हा त्यांतलाच एक मासला. मग वेस्टबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला आणि त्यांना असे आढळले की शब्द आपल्या भाषेच्या नेहमीच्या वळणापासून जितका दूर, तितका तो अधिक हसवतो. इंग्लंडातल्या वॉरिक विद्यापीठाने २०१७ साली ८२१ लोकांकडून ४,९९७ इंग्रजी शब्दांना हास्याचे गुण देवविले. तेथेही एकंदरीत कमी वापरातल्या शब्दांचे पारडे जड दिसले; आणि छळ, मृत्यू असे शब्द अगदी तळाला गेले. दुःखाच्या शब्दाला आवाजाची कितीही मदत दिली तरी तो हसवत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपला ‘ढ’

इंग्रजीला ‘क’ असेल, मराठीला ‘ढ’ आहे. ढेरी, ढेकर, ढोल्या, ढब्बू, ढमाढम! या अक्षराचा उच्चार करताना जीभ मागे वळते, टाळूवर आपटते आणि वरून छातीतल्या हवेचा एक धक्का बसतो. एवढी खटपट करून बाहेर पडणारा आवाज नाजूक कसा असेल? त्यात हे अक्षर मराठीत फारसे वापरलेही जात नाही. इतकेच नव्हे तर मराठीत हे नुसते अक्षर म्हणजेच एक अखंड शब्द आहे. वर्गात ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो ‘ढ’. यामागची एक कथा सांगतात. अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांनी आपले रूप पार बदलले; पण ‘ढ’ जवळजवळ होता तसाच राहिला. बाकीची अक्षरे वरच्या इयत्तेत गेली, हा आपला त्याच बाकावर!

‘ढ’ च्या जोडीला ‘भ’ आणि ‘फ’ आहेत. हे उच्चारताना गाल फुगतात आणि हवा फुसकन बाहेर जाते. म्हणून भोपळा, भोंगा, भोकाड, फजिती आणि अळवाचे फदफदे. ‘फदफदे’ हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला त्याच्या समोर पातेले शिजत असले पाहिजे. त्या पातेल्याचा आवाज शब्दात जसाच्या तसा उतरला आहे.

आवाजाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर हे दोन शब्द घ्या: ‘तनिरा’ आणि ‘ढुंबफळे’. दोहोंनाही काही अर्थ नाही. दोन्ही या लेखासाठीच बनवले आहेत. पहिले नाव उद्या कोणी मुलीला ठेवले तर पेढे वाटले जातील. दुसरे ठेवले तर ती मुलगी मोठी झाल्यावर आईबापांना क्षमा करणार नाही.

पण आवाजावरच सगळे भागत असते तर ‘ढाल’ ऐकूनही आपण हसलो असतो. ‘ढग’ पाहून शेतकरी हसला असता, तो वेगळ्या कारणाने. ‘भक्ती’त ‘भ’ आहे, ‘फूल’ मध्ये ‘फ’ आहे. वारकऱ्याच्या हातातल्या ‘टाळा’ला आपण हात जोडतो आणि त्याच टाळाला एक ‘के’ जोडून ‘टाळके’ केले की हसतो. तेव्हा आवाज हा केवळ वाजंत्री आहे. लग्न कोणाचे ते अजून पाहायचे आहे.

शब्दांचा जिना

मराठीत एकाच गोष्टीला तीन-तीन नावे असतात आणि ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी वरखाली बसलेली असतात. वर मस्तक, मध्ये डोके, खाली टाळके. वर उदर, मध्ये पोट, खाली ढेरी. वर पादत्राण, मध्ये वहाण, खाली खेटर. वरच्या पायरीवर बहुधा संस्कृत शब्द, मधल्या पायरीवर रोजचा संसारी शब्द आणि खालच्या पायरीवर अंगणात खेळून धुळीने माखून आलेला शब्द. परदेशचे पाहुणे भोजन करतात, आपण जेवतो आणि ज्याचा राग आला आहे तो गिळतो. क्रिया तीच, वरणभातही तोच.

याचे सर्वांत गोड उदाहरण आपण दर भाद्रपदात घरी आणतो. गणपतीला आपण ‘लंबोदर’ म्हणतो, ‘वक्रतुंड’ म्हणतो, ‘शूर्पकर्ण’ म्हणतो आणि डोळे मिटून हात जोडतो. या शब्दांचा अर्थ काय? लांबलचक पोटाचा, वाकड्या तोंडाचा आणि सुपासारख्या कानांचा! हेच तीन शब्द खालच्या पायरीवरून, ‘ढेरपोट्या, वाकडतोंड्या, सुपकान्या’ असे शेजारच्या गृहस्थांना उद्देशून म्हणून पाहा. पुढच्या चतुर्थीला ते आरतीला येणार नाहीत. पोट तेच, अर्थ तोच. पायरी बदलली आणि त्याबरोबर हात जोडणे जाऊन हसणे आले.

विनोदी लेखक करतो ते एवढेच. जेथे वरचा शब्द अपेक्षित आहे तेथे तो हळूच खालचा ठेवतो, नाही तर खालच्या वस्तूला वरच्या पायरीवर नेऊन बसवतो. चि. वि. जोशी यांनी चिमणरावाचे ‘चरित्र’ लिहिले असते तर ते वाचनालयाच्या कपाटात अदबीने राहिले असते. त्यांनी लिहिले ‘चऱ्हाट’, आणि चऱ्हाट म्हणजे जाडाभरडा दोर! पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ सालच्या पुस्तकाचे नावही तसेच. सदन, भुवन, विलास अशी नावे मिरवणाऱ्या मुंबईत एका वास्तूला बटाट्याचे नाव मिळाले, तेथेच वाचकाचा पाय पायरीवरून घसरला. बटाटा मुळात समुद्रापलीकडून आला, त्याचे नावही पोर्तुगीज. पण इतका घरचा होऊन गेला की प्रतिष्ठा म्हणून काही उरलीच नाही.

पुण्याने तर देवांनाही या जिन्यावरून खाली बोलावले आहे. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती! बाहेरगावचा पाहुणा ही नावे ऐकून हसतो. पुणेकर मात्र ‘पासोड्या विठोबापाशी उतरा’ हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगतो. त्याच्या कानाला त्यात विनोद उरलेला नाही. उरली आहे ती जवळीक. यावरून एक गोष्ट लक्षात येते. शब्दाचे हसू घासून घासून जाते.

ते जाते तसे उलट दिशेनेही जाते. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’ असे शब्द पुढे केले तेव्हा त्या खटाटोपाची पुष्कळ टिंगल झाली. आज महापौरांच्या नावाने कोणी हसले तर ते रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे, शब्दामुळे नव्हे.

आकडा आणि तंबोरा

शब्दाचे सोडा, नुसता आकडा घ्या. शंभर या आकड्यात हसण्यासारखे काही नाही. पण ‘सतराशे साठ कामे पडली आहेत’, ‘असले छप्पन पाहिले’ किंवा ‘मोठा दीडशहाणा आहेस’ म्हटले की मौज येते. एकापेक्षा दीड अधिक, म्हणजे दीडशहाणा हा शहाण्याहून शहाणा असायला हवा. पण मराठीने त्याला सरळ मूर्खांत जमा केले. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे कोण, तर नाना फडणवीस! त्यांना तलवारबाजी जमत नव्हती म्हणून अर्धे गुण कापले, असे सांगतात. गोल आकडा गंभीर असतो. वर थोडे पाव-अर्धे चिकटले की तो हिशेबाच्या वहीतून उठून ओट्यावर येऊन बसतो.

आणि चारशेवीस? भारतीय दंडसंहितेत फसवणुकीचे कलम ४२० होते. कायद्याच्या रूक्ष पुस्तकातून तो आकडा रस्त्यावर आला, १९५५ साली राज कपूरने त्याला चित्रपटाच्या नावात बसवले आणि सबंध देशात ‘चारसोबीस’ ही एक जिवंत शिवी झाली. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली येते. आता कोणाला ‘तू मोठा तीनशे अठरा आहेस’ असे म्हणून पाहा. तो घराचा नंबर विचाराल काय म्हणून तुमच्याकडे बघेल. फसवणूक आहे तशीच आहे; परंतु ३१८ ला अजून लोकांनी तोंडात घोळवलेले नाही. हसू आकड्यात नव्हते. ते लोकांनी त्यात साठवले होते.

वस्तूंचेही असेच आहे, आणि याचा सर्वांत मोठा साक्षीदार पुन्हा आपला भोपळाच. मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती देशभर आहे. २०२४ साली तेथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याचे खालचे गोल अंग म्हणजे काय? पंढरपूरच्या बाजूला मुद्दाम पिकवलेला, वाळवून पोकळ केलेला भोपळा! कारागीर त्याला भोपळाच म्हणतात. त्यावर चार तारा चढल्या, मैफलीत षड्ज लागला की सगळी सभा स्तब्ध होते. भोपळा तोच. मंडईत त्याला हसणारा गृहस्थ मैफलीत त्याच्यासमोर मांडी घालून बसतो आणि त्याला पाय लागला तर नमस्कार करतो.

म्हणजे कोणताही शब्द किंवा वस्तू जन्मतः हास्यास्पद नसते. आपणच मनात एक जिना बांधतो, त्याच्या वरच्या पायऱ्यांवर काही बसवतो, खालच्या पायऱ्यांवर काही ठेवतो, आणि कोणी एका पायरीवरून दुसरीवर घसरला की आपल्याला हसू येते. हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टळत नाही: घसरतो कोण?

पडतो कोण?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याची कारणे देताना विचित्र वेष आणि विचित्र वागणे यांच्याबरोबर बोलण्यातला विचित्रपणाही धरला आहे. हसण्याचे सहा प्रकारही सांगितले. स्मित आणि हसित हे उत्तम माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने तर हसण्याचे मूळच असे सांगितले की, दुसऱ्याचे काही वैगुण्य पाहून आपण त्याच्याहून वरचढ आहोत असे एकाएकी वाटते, आणि त्या आनंदाचा हा आवाज. सगळ्या हसण्याला हे लागू पडत नाही. पण काही हसण्याला फार अचूक लागू पडते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात मैत्रेय नावाचा विदूषक आहे. तो एके ठिकाणी म्हणतो की, मला दोन गोष्टींचे हसू येते: बाई संस्कृत वाचू लागली म्हणजे आणि पुरुष नाजूक आवाजात गाऊ लागला म्हणजे. गंमत अशी की हा मैत्रेय स्वतः प्राकृतात बोलतो. त्या काळच्या नाटकात राजे आणि थोर पुरुष संस्कृत बोलत. बहुतेक स्त्रिया, नोकरचाकर आणि विदूषक यांच्या वाट्याला प्राकृत. म्हणजे खालच्या पायरीवर बसलेला एक जण, वरची पायरी चढू पाहणाऱ्या बाईला हसतो आहे आणि प्रेक्षक त्या दोघांनाही!

आणि ते प्राकृत म्हणजे कोण? महाराष्ट्री प्राकृत ही तर आपल्या मराठीची आजी. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात मराठीत गीतेचा अर्थ सांगितला, त्यानंतर तीनशे वर्षांनी एकनाथांनाही या भाषेच्या बाजूने भांडावेच लागले. पंडितांच्या कानाला तेव्हा ही भाषा खालच्या पायरीवरची होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याच दिवशी प्राकृतालाही दिला. आजी आणि नात एकाच दिवशी वरच्या पायरीवर बसल्या.

वर बसल्यावर मात्र आपण खाली पाहून काय करतो?

माझ्या शाळेत पाचवीच्या वर्गात दूरच्या एका वाडीवरून येणारा एक मुलगा होता. भूगोलाच्या तासाला नदीला उन्हाळ्यात पाणी कोठून येते हे त्याने अगदी बरोबर सांगितले. पण सांगताना तो ‘पानी’ म्हणाला. गुरुजींनी तेवढाच शब्द उचलला आणि दोनदा तसाच म्हणून दाखवला. वर्ग खदखदून हसला. उत्तर बरोबर होते हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने हात वर केला नाही.

आता ‘पानी’त हसण्यासारखे काय आहे? त्यात ‘ढ’ नाही, ‘भ’ नाही, गाल फुगत नाहीत. हिंदी चित्रपटातला नायक वाळवंटात ‘पानी, पानी’ करतो तेव्हा आपला गळा दाटून येतो. कोणी हसत नाही. अक्षरे तीच, आवाज तोच. मग वर्ग हसला तो कशाला? ‘पानी’ म्हणणाऱ्या माणसाची पायरी त्याने मनात आधीच ठरवून ठेवली होती, तिला हसला. कोल्हापूरकडचा माणूस ‘पायताण’ म्हणतो तेव्हा तो विनोद करत नसतो. दारात काढून ठेवलेली वहाण शोधत असतो. वऱ्हाडातली, खानदेशातली, तळकोकणातली बाई आपल्या बोलीत लेकाला हाक मारते तेव्हा त्या हाकेत तिची सगळी माया असते. आपल्या कानाला ती ‘गावंढळ’ वाटली तर तो दोष हाकेचा नव्हे.

म्हणून बोलींनी हसवूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे मराठी रंगभूमीचा अर्धा आनंद फेकून देणे होईल. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांनी ते गाजवले. ‘इच्छा’ या सोवळ्या शब्दाला एक ‘व’ लावला आणि तो तमाशाच्या बोर्डावर येऊन उभा राहिला. पण त्या ‘विच्छे’ने खाली पाडले ते कोणाला? राजाला, प्रधानाला, कोतवालाला. गादीवर बसून अकलेचे दिवाळे काढणाऱ्यांना. १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ मध्ये कोकणातल्या गावकऱ्यांनी महाभारताचा खेळ मांडला, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून मालवणी घुमली आणि त्या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. तेथे समोर बसून सर्वांत मोठ्याने हसणाऱ्यांत मालवणी माणसेच होती. आपल्या घरातली बोली आपल्या माणसाने रंगमंचावर आणली, तिच्यापुढे कौरव-पांडवांना नाचवले, याचा तो आनंद होता.

शब्द तोच, एके ठिकाणी तो सोंगाड्याच्या हातातली काठी आहे आणि ती राजाच्या टोपीवर बसते. दुसऱ्या ठिकाणी तीच काठी गुरुजींच्या हातात आहे आणि ती पोराच्या पाठीवर बसते. दोन्हीकडे हशा होतो. कान बंद करून नुसती तोंडे पाहिली तर फरक कळायचा नाही. फरक पाहायचा असेल तर ज्याच्यावरून हसणे चालले आहे त्याच्या तोंडाकडे पाहावे. तोही हसत असेल तर खुशाल हसावे. तो एकटाच गप्प असेल तर समजावे की येथे विनोद झालेला नाही. दुसरेच काही झाले आहे.

भोपळ्याचा न्याय अजून राहिला. भ्रमाच्या आणि परीक्षेच्या भोपळ्यांहून जुना असा एक भोपळा आपल्या सर्वांच्या लहानपणी येऊन गेलेला आहे. लेकीकडे निघालेली एक म्हातारी, वाटेत तिला खायला टपलेला वाघ, ‘लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा’ असे त्याला सांगणारी तिची अक्कल आणि परतीच्या वाटेवर गडगडत येणारा तो भोपळा! म्हातारीला रथ मिळाला नाही, पालखी मिळाली नाही. सगळ्यांनी हसून खालच्या पायरीवर ठेवलेली वस्तूच तिच्या कामाला आली. ती गोष्ट ऐकताना आजही पोरे खिदळतात. नीट पाहिले तर ती म्हातारीला हसत नाहीत, वाघाला हसतात.